ताट हळूहळू बदलतं

(तलवाडा, ता. गेवराई, जि. बीड येथील स्मृती व्याख्यानमालेतील व्याख्यानाचा मुद्रित मजकूर)

बहात्तरच्या दुष्काळाचा विषय निघाला की गेवराई तालुक्यातल्या म्हाताऱ्या माणसांना दोन पदार्थ हमखास आठवतात: मिलो आणि सुकडी. मिलो म्हणजे अमेरिकेहून आलेली लाल ज्वारी. तिच्या भाकरीला घरच्या ज्वारीची चव नव्हती, पण नाक मुरडायची सोयही नव्हती. सुकडी मिळायची ती दुष्काळी कामावर, खडी फोडून झाल्यावर. ती ओंजळीत घेणारी पोरं आज साठी ओलांडून गेली. त्यांतल्या कितीतरी जणांच्या उशाशी आता साखरेच्या आणि रक्तदाबाच्या गोळ्यांची पाकिटं असतात. एकाच जन्मात उपासमारही पाहिली आणि मधुमेहही, अशी ही पिढी.

योगायोग असा की त्याच १९७२ साली जगाच्या दुसऱ्या टोकाला, फिनलंडच्या पूर्वेकडच्या उत्तर कारेलिया प्रांतात, लोकांचं ताट बदलण्याचा एक मोठा प्रयोग सुरू झाला. तिथलं दुखणं अगदी उलट होतं. लाकूडतोडीचं आणि गाई-गुरांचं काम करणारी धट्टीकट्टी माणसं चाळिशी-पन्नाशीत हृदयविकारानं पटापट मरत होती. पावावर लोण्याचा जाड थर, सायीसकट दूध, मांस, सढळ हातानं मीठ आणि भाजी नावालाच, असा त्यांचा आहार. अखेर १९७१ मध्ये लोकांनीच सरकारकडे अर्ज करून मदत मागितली. काम सोपवलं गेलं पेक्का पुस्का या विशीतल्या डॉक्टरावर.

नुसती पत्रकं वाटून भागणार नाही, हे पुस्काच्या चमूच्या चटकन लक्षात आलं. त्यांनी मार्था नावाची गृहिणींची जुनी संघटना गाठली. गावोगाव संध्याकाळी बायका जमायच्या, नेहमीचंच मांसाचं कालवण शिजवायच्या, पण त्यात मांस थोडं कमी, भाज्या थोड्या जास्त आणि मीठ बेतानं. चार घास खाऊन बघायचे, गप्पा मारायच्या, घरी जायचं. दुसरीकडे दुधावर पोट असलेल्या शेतकऱ्यांना बेरीवर्गीय फळांच्या लागवडीसाठी मदत मिळाली, कारण लोणी कमी खा म्हणताना लोणी विकणाऱ्याच्या चुलीचा विचार करणं भाग होतं. पुढच्या चाळीसेक वर्षांत त्या प्रांतातल्या कामकरी वयाच्या पुरुषांचे हृदयविकारानं होणारे मृत्यू ८० टक्क्यांहून अधिक घटले. धूम्रपान कमी झालं, औषधं सुधारली, त्याचा वाटा त्यात आहेच. तरी मोठा भाग ताटाचा होता, आणि तिथल्या कोणालाही आपलं कालवण सोडून परका पदार्थ खावा लागला नव्हता.

बीड जिल्ह्यातही त्याच पन्नास वर्षांत ताट बदललं, आणि त्यासाठी ना प्रकल्प लागला ना प्रचार. पैठणचं नाथसागर धरण १९७६ मध्ये पूर्ण झालं, उजव्या कालव्याचं पाणी गेवराई तालुक्यातून माजलगावकडे गेलं. पाणी आलं तसा ऊस आला, कापूस वाढला, आणि ज्वारीनं एक एक वावर सोडलं. रब्बी ज्वारी उपटून काढायची म्हणजे कंबरडं मोडणारं काम, मजूर मिळेनात. बैल कमी झाले तसा कडब्याचा मोह ओसरला. शिधावाटप दुकानात गहू आणि तांदूळ मिळू लागले. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्यानं गहू दोन रुपये, तांदूळ तीन रुपये आणि भरडधान्य एक रुपया किलो असे दर ठरवले खरे, पण पोत्यांतून येत राहिले ते मुख्यतः गहू-तांदूळच; जानेवारी २०२३ पासून तर तेही फुकट. फुकटचा गहू घरात असताना विकतची ज्वारी कोण आणणार? त्यात भाकरी थापायला हात लागतो, चपाती डब्यात मऊ राहते, पाहुण्यापुढे चपाती ठेवली की मान राहतो. प्रत्येक कारण रास्त होतं. कोणी ठरवून काही बिघडवलं नाही.

इथे एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी, कारण ज्वारीच्या नावानं हल्ली फार जयजयकार चालतो. २०२३ हे संयुक्त राष्ट्रांचं भरडधान्य वर्ष होऊन गेलं, तेव्हापासून शहरांतल्या दुकानांत ज्वारीच्या लाह्या-पोहेसुद्धा दिमाखात बसले. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेनं २०१७ मध्ये छापलेली अन्नघटकांची कोष्टकं मात्र वेगळं सांगतात. शंभर ग्रॅम ज्वारीत प्रथिनं साधारण १० ग्रॅम आणि तंतू १० ग्रॅम; चक्कीवर दळलेल्या न चाळलेल्या गव्हाच्या कणकेत प्रथिनं साडेदहा आणि तंतू अकरा. म्हणजे दोघी बहिणीच. दरी पडते ती पुढे: मैद्यात आणि पॉलिश केलेल्या तांदळात तंतू तीन ग्रॅमसुद्धा भरत नाहीत, आणि अशा तांदळात लोह एक मिलिग्रॅमच्या आत, तर बाजरीत सहाच्या वर. तेव्हा भाकरीची चपाती झाली हे फार मोठं नुकसान नव्हतं. चपातीच्या मागोमाग बिस्कीट, टोस्ट, खारी, पाच रुपयांचा चटपटा पुडा असा सगळा मैदा आणि पामतेल घरात शिरलं, आणि भाकरीसोबत जाणारं पिठलं, येसर, अंबाडी-तांदुळज्याची भाजी, हुलग्याचं माडगं मागे सरकलं. नुकसान झालं ते तिथे.

ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबांचा दिवस पाहिला तर हे अधिक नीट कळतं. दसरा-दिवाळी झाली की मुकादमाची उचल घेतलेल्या जोड्या पश्चिम महाराष्ट्रात, कर्नाटकात निघतात आणि गुढीपाडव्याच्या आसपास परततात. कोपीतली बाई पहाटे अंधारात उठून भाकरी थापते, कोरड्यास म्हणून चटणी बांधते, फडात जाते. दिवसभर कोयता, मोळ्या, डोक्यावरून वाहतूक. रात्री-अपरात्री टायरगाडी भरायची. मध्ये भूक लागली तर काळा नाहीतर दुधाचा गोड चहा आणि पोरांच्या हातात बिस्किटाचा पुडा. साऱ्या राज्याची साखर ज्यांच्या कोयत्यातून येते, त्यांच्या वाट्याला पोषणाच्या नावानं तीच साखर. अशा बाईला कोशिंबीर खा म्हणणारा सल्लागार तिच्या फडात एकदा तरी जाऊन यावा. तिच्यासाठी पहिली पायरी वेगळीच असणार: गावाकडून निघताना पिठासोबत शेंगदाणे, फुटाणे, गूळ आणि मटकी यांचं गाठोडं बांधलेलं असणं, आणि ‘एक देश एक शिधापत्रिका’ योजनेमुळे धान्य कारखान्याच्या गावीही उचलता येतं हे तिला पक्कं ठाऊक असणं.

ताटाबद्दल बोलताना २०१८ च्या सुमाराला राज्यभर गाजलेला वाद टाळता येत नाही. ‘दीक्षित की दिवेकर’ हा प्रश्न तेव्हा लग्नाच्या पंगतीपासून एसटीच्या बाकापर्यंत सगळीकडे होता. मराठवाड्याला त्याचं कौतुक अधिक, कारण डॉ. जगन्नाथ दीक्षित लातूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात शिकवत होते. डॉ. श्रीकांत जिचकार यांनी मांडलेला विचार त्यांनी पुढे नेला: दिवसातून दोनदाच जेवा, प्रत्येक जेवण ५५ मिनिटांच्या आत संपवा. ऋजुता दिवेकर म्हणत होत्या, थोडं थोडं खा, आजीच्या हातचं खा, तुपाला घाबरू नका. कोण बरोबर, याचा निकाल लावायची इथे गरज नाही. त्या वादाचा एक फायदा मात्र मानायला हवा. इन्सुलिन हा शब्द दवाखान्यातून पारावर आला आणि दहा वाजताचं बिस्कीट, चार वाजताची भजी यांकडे माणसं पहिल्यांदा संशयानं पाहू लागली. तोटा असा की पुष्कळांनी त्याला नेम समजून धरलं, लग्नसराईत नेम मोडला, आणि मोडला म्हणून सोडूनच दिला.

नेम आणि सवय यांतला फरक मोजायचा प्रयत्न लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधल्या फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी केला. ९६ जणांना त्यांनी रोज करायची एकच छोटी गोष्ट निवडायला सांगितली, म्हणजे दुपारच्या जेवणासोबत एक फळ किंवा त्यासारखं काही. ती गोष्ट विचार न करता होऊ लागायला किती दिवस लागतात हे पाहिलं. मधला आकडा आला ६६ दिवस. पण एखाद्याला १८ दिवस पुरले, तर एखाद्याला २५४ लागतील असा हिशेब निघाला. एकवीस दिवसांत सवय लागते म्हणणाऱ्यांनी हे वाचावं. त्या अभ्यासात आणखी एक दिलासा होता: मध्ये एखादा दिवस चुकला तर फारसं बिघडत नाही. जत्रा, लग्न, दिवाळी यांची भीती बाळगायचं कारण नाही; दुसऱ्या दिवशी पुन्हा सुरू केलं की झालं.

आता चहा. गावात चार घरी गेलं की चार चहा होतात, आणि नको म्हटलं तर यजमानाचा चेहरा पडतो. एका कपात दोन चमचे साखर धरली तर चार कपांत पस्तीस-चाळीस ग्रॅम; राष्ट्रीय पोषण संस्थेची मर्यादा दिवसाला २५ ग्रॅमच्या आतली. म्हणजे जेवणात एक कणही गोड नसताना मर्यादा ओलांडली. एकदम बिनसाखरेचा चहा सुरू केला तर बहुतेकांना तो आठवडाभरही गिळवत नाही. घरच्या पातेल्यात दर पंधरा दिवसांनी पाव चमचा कमी टाकला तर घरात कोणाला कळतही नाही. बाहेर गेल्यावर ‘अर्धाच द्या’ हा शब्द पुरतो; मान राखला जातो आणि साखर निम्मी होते.

मिठाचंही तसंच, आणि तिथे तर एका अख्ख्या देशाचा दाखला आहे. ब्रिटनमध्ये २००३ पासून पाव, बिस्किटं, सूप बनवणाऱ्या कंपन्यांना टप्प्याटप्प्यानं मीठ कमी करायला लावलं गेलं. ग्राहकांना फारसा सुगावाच लागला नाही, कारण दर टप्प्याला जीभ जुळवून घेत होती. २००१ च्या सुमारास माणशी दिवसाला साडेनऊ ग्रॅम असलेलं मीठ २०११ पर्यंत ८.१ ग्रॅमवर आलं. मराठवाड्यातलं मीठ पुड्यांइतकंच ठेचा, लोणचं, पापड, कुरडई आणि खारे शेंगदाणे यांतून येतं. ठेचा सोडा असं सांगणारा या भागात टिकणार नाही. पण ठेच्यात मिरचीच्या जोडीला लसूण, भाजलेले शेंगदाणे आणि लिंबू वाढवलं तर मीठ आपोआप हटतं, आणि असा ठेचा बिघडतो असं कोणी म्हणणार नाही.

तलवाड्याला तर सवय बदलण्याची एक ठरलेली वेळ आहे. त्वरिता देवीच्या नवरात्रात पंचक्रोशीत घरोघरी उपवास धरले जातात. उपवासाच्या नावानं नऊ दिवस साबुदाणा, तळलेले बटाटे आणि चहा पोटात जातो. साबुदाणा म्हणजे टॅपिओकाच्या कंदाचा निव्वळ स्टार्च. शंभर ग्रॅममध्ये प्रथिनं एक ग्रॅमही नाहीत. त्याच उपवासाला राजगिरा चालतो, ज्यात प्रथिनं तेरा-चौदा ग्रॅम. भगर चालते, रताळं चालतं, शेंगदाण्याची आमटी चालते, ताक चालतं. देवीची आज्ञा साबुदाण्याची कधीच नव्हती. नऊ दिवसांतले पहिल्या वर्षी तीन दिवस साबुदाण्याऐवजी भगर-आमटी, एवढंच ठरवलं तरी बदल सुरू झाला. फक्त भगरीचं सुटं तयार पीठ घेऊ नये. ओलाव्यानं त्यात बुरशी धरते आणि दर सणाला मराठवाड्यात कुठे ना कुठे भगरीतून विषबाधा होऊन माणसं दवाखान्यात जातात. भगर निवडून, धुऊन, वाळवून घरी दळावी.

तेल हा पदार्थ डोळ्यांनी मोजता येत नाही म्हणून फसवतो. एकेकाळी या भागातली कढई करडईच्या तेलावर चालायची, गावाजवळच्या घाण्यावर गाळलेल्या. आता पिशवीतलं सोयाबीन किंवा पाम, आणि देशाला लागणाऱ्या खाद्यतेलातलं निम्म्याहून अधिक परदेशातून येतं. २०२४ च्या राष्ट्रीय आहार मार्गदर्शिकेत माणशी दिवसाला २७ ग्रॅम तेल-तूप धरलं आहे. पाच माणसांच्या घराला ते महिन्याला चार किलोच्या आसपास बसतं. भाजीत तेल कमी टाक, असं बायकोला किंवा सुनेला रोज सांगण्यापेक्षा महिन्याला तेलाच्या किती पिशव्या येतात हे घरातल्या सगळ्यांनी मिळून पाहावं. सहा येत असतील तर पुढच्या महिन्यात साडेपाच आणाव्यात. मग काटकसर कुठे करायची ते स्वयंपाकघर स्वतःच शोधतं. बहुधा कात्री तळणावर पडते.

रक्तक्षयाचा प्रश्न या सगळ्यांहून जुना आणि चिवट. २०१९ ते २१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४.२ टक्के स्त्रिया रक्तक्षयी आढळल्या. पाच वर्षांखालच्या मुलांत हे प्रमाण ६८.९ टक्के. गोळ्या हव्यातच. पण जेवणाबरोबर किंवा जेवल्याबरोबर घेतलेला चहा अन्नातलं लोह शरीरात जाऊ देत नाही, आणि लिंबाची फोड ते जाऊ देते, ही माहिती गोळीइतकीच मोलाची आहे. चहा सोडायचा नाही, फक्त तासभर पुढे ढकलायचा. शेवगा बहुतेक घरांच्या मागे उभा असतो. त्याच्या शेंगा बाजारात जातात, पाला शेळीला. त्या पाल्यात शंभर ग्रॅममागे कॅल्शियम तीनशे मिलिग्रॅमच्या वर आणि लोह साडेचार. मूठभर पाला आठवड्यातून दोनदा पिठल्यात किंवा वरणात पडला तर शेळी रागावणार नाही.

पोरांची जीभ शाळेत घडते. सर्वोच्च न्यायालयाच्या २००१ च्या आदेशानंतर शाळांतून शिजवलेलं अन्न मिळू लागलं. नोव्हेंबर २०२३ मध्ये राज्यानं आठवड्यातून एक अंडं, आणि न खाणाऱ्यांना केळं, देण्याचा निर्णय घेतला. जानेवारी २०२५ मध्ये त्याचा निधी थांबवला. लेकरांच्या ताटात एखादा पदार्थ पुन्हा पुन्हा, दहा-पंधरा वेळा आला तेव्हा कुठे तो त्यांचा होतो, हे बालआहाराचे अभ्यासक वर्षानुवर्षं सांगत आले आहेत. सरकारी निर्णय मात्र वर्षा-दीड वर्षात कूस बदलतात. ज्या शाळांनी आवारात परसबाग केली आहे आणि पालक, मेथी, भोपळा तिथूनच खिचडीत जातो, तिथे या उलथापालथीचा फटका थोडा कमी बसतो. स्वतः पाणी घातलेली मेथी पोरगं ताटातून बाजूला काढत नाही.

या सगळ्यात एक प्रश्न राहून जातो: रानात काय पिकवायचं हे घरात ठरवतं कोण? किल्लारीच्या भूकंपानंतर प्रेमा गोपालन यांनी उभ्या केलेल्या स्वयं शिक्षण प्रयोग या संस्थेनं लातूर, धाराशिव, सोलापूर भागात नेमका तोच धागा पकडला. बायकांनी नवऱ्याकडे अर्धा-एक एकर मागून घ्यायचा. नगदी पिकाचा नाही, खाण्याच्या पिकांचा. त्यात ज्वारी-बाजरी, डाळी, भाज्या मिसळून लावायच्या. आधी घरच्या ताटात, उरलं तर बाजारात. दुष्काळाच्या वर्षांतही अशा घरांना भाजी विकत आणावी लागली नाही, आणि २०१७ मध्ये या कामाला संयुक्त राष्ट्र विकास कार्यक्रमाचा इक्वेटर पुरस्कार मिळाला. ‘एक एकर’ मागितल्यावर नवरे सहज हो म्हणाले असं नाही. बहुतेक ठिकाणी आधी बांधाकडचा, खडकाळ तुकडाच मिळाला.

गेवराई तालुक्यात हा हिशेब करून पाहण्यासारखा आहे. त्याच राष्ट्रीय आहार मार्गदर्शिकेप्रमाणे माणशी दिवसाला अडीचशे ग्रॅम धान्य धरलं तर पाच माणसांच्या घराला वर्षाला साडेचार क्विंटलच्या आसपास लागतं. शिधावाटपाचा गहू-तांदूळ चालू ठेवून त्यातलं निम्मं ज्वारीचं करायचं म्हटलं तर सव्वादोन क्विंटल. कोरडवाहू रब्बी ज्वारी एकरी तीन-चार क्विंटल देते, कडबा वेगळा. म्हणजे कापसाच्या आणि उसाच्या रानातून एक एकरसुद्धा पुरेपूर बाहेर काढावा लागत नाही. बियाण्याची अडचण नाही: मालदांडी आहे, परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाची परभणी मोती आणि परभणी ज्योती आहे. त्याच विद्यापीठानं इक्रिसॅटच्या साथीनं २०१८ मध्ये परभणी शक्ती हे वाण आणलं. देशातली ही पहिली जैवसंपृक्त ज्वारी, म्हणजे लोह आणि जस्त मुद्दाम वाढवलेली. रब्बी ज्वारीची पेरणी सप्टेंबरच्या मध्यापासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत होते, आणि कोणत्या रानात ती करायची हे साधारण पोळ्याच्या आसपास घरात बोललं जातं. त्या बोलण्यात भाकरी थापणारीही बसलेली असावी.